घरं पाडण्याआधी शहराची नाडी पाहणारा माणूस : पॅट्रिक गेडीस

रस्ता रुंद करायचा तर झाडं तोडायची, नाल्याला वास येतो म्हणून वर स्लॅब टाकायचा, तळ्यात डास होतात म्हणून ते बुजवायचं. विकासाचा हा मार्ग आजचा नाही. शंभर वर्षांपूर्वीही तो चालू होता आणि त्याला भारतात ठामपणे विरोध करणारा माणूस होता एक स्कॉटिश जीवशास्त्रज्ञ, पॅट्रिक गेडीस.

गेडीस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ चा, स्कॉटलंडमधल्या बॅलाटर गावातला. लंडनमध्ये थॉमस हक्स्ली यांच्या हाताखाली ते जीवशास्त्र शिकले. १८७९ मध्ये मेक्सिकोत असताना त्यांची दृष्टी काही काळ गेली. पुढे दिसू लागलं, पण सूक्ष्मदर्शकावरचं काम जवळजवळ सुटलं. मग त्यांनी शहराकडेच सजीवासारखं पाहायला सुरुवात केली. लग्नानंतर पत्नी ॲना यांच्यासह ते एडिंबरोच्या जुन्या, बकाल वस्तीत राहायला गेले. घरं न पाडता दुरुस्त केली, रंगवली, मोकळ्या कोपऱ्यांत बागा केल्या.

१९१४ मध्ये ते भारतात निघाले. त्यांच्या नगररचना प्रदर्शनाचं सामान घेऊन येणारं जहाज जर्मन युद्धनौका एम्डेनने बुडवलं. गेडीस डगमगले नाहीत. नवं साहित्य जमवून त्यांनी मद्रासमध्ये प्रदर्शन भरवलंच. पुढच्या काही वर्षांत त्यांनी ठाणे, बडोदा, इंदूर अशा अनेक शहरांचे अहवाल लिहिले.

त्यांची पद्धत साधी होती. आधी पायी फिरायचं, पाणी कुठून येतं नि कुठे जातं ते पाहायचं, लोक कशावर जगतात ते समजून घ्यायचं. वैद्य नाडी पाहतो तसंच. मगच उपचार, आणि तोही कमीत कमी कापाकापीचा. सरळ रुंद रस्त्यासाठी अख्खी आळी पाडली, तर उठवलेले लोक शेजारच्या वस्तीत दाटी करतात, म्हणजे रोग फक्त जागा बदलतो. त्यापेक्षा दोन-चार मोडकी घरं काढून छोटा चौक मोकळा करा आणि तिथे झाड लावा, असं त्यांचं म्हणणं. तळी आणि विहिरीही बुजवू नका. त्या हवा थंड ठेवतात आणि नळ बंद पडले तर उपयोगी येतात. डासांच्या अळ्यांसाठी पाण्यात मासे आणि बदकं सोडा.

१९१७ हे वर्ष त्यांच्यासाठी जीवघेणं ठरलं. मुलगा ॲलॅस्टर फ्रान्समध्ये युद्धात मारला गेला, पाठोपाठ ॲना कलकत्त्यात आजारपणात गेल्या. तरी काम थांबलं नाही.

होळकरांच्या इंदुरात तेव्हा प्लेग होता. नकाशा घेऊन फिरणारा साहेब घर पाडायला आलाय, अशी लोकांना भीती होती. गेडीस यांनी महाराजांकडे एक दिवसाचा अधिकार मागितला आणि दिवाळीच्या मिरवणुकीचा मार्ग बदलला. ज्या भागात घरांची साफसफाई आणि दुरुस्ती सर्वांत जास्त, तिथूनच मिरवणूक जाणार! गल्ल्यागल्ल्यांत चढाओढ लागली, हजारो गाड्या कचरा निघाला. मिरवणुकीत उंदीर आणि डासाच्या प्रतिकृती होत्या. सफाई कामगार नवे पांढरे कपडे आणि फुलांच्या माळा घालून मानाने चालले. घराघरांसाठी तुळशीची रोपं वाटली गेली.

इंदूरचा दोन खंडांचा अहवाल १९१८ मध्ये आला. त्यात एक महत्त्वाचा मुद्दा होता. मैला नदीत सोडणं म्हणजे नदीही घालवायची आणि खतही. तो मातीत जाऊ द्या, त्यावर बागा वाढवा. पुढे त्याच इंदुरात अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी कंपोस्ट खताची पद्धत विकसित केली. ती आज जगभर इंदूर पद्धत म्हणून ओळखली जाते.

१९१९ पासून गेडीस मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवू लागले. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये हे त्यांचे विद्यार्थी. १९२४ मध्ये विभागाची सूत्रं घुर्ये यांच्याकडेच आली. गेडीस यांचं निधन १७ एप्रिल १९३२ रोजी फ्रान्समधल्या माँपेलिए इथे झालं.

आज पूर आला की बुजवलेली तळी आणि अडवलेले नाले आठवतात. नकाशावर रेघ मारण्याआधी पाण्याची वाट विचारा, हे गेडीस यांनी इथल्याच गल्ल्यांत फिरून सांगितलं होतं. रेघ मारणाऱ्यांनी ते अहवाल आजही उघडून पाहावेत.