वालचंद हिराचंद : पल्ला आणि पाऊल

परीक्षा संपली की पुढे काय, हा प्रश्न आम्हा कला शाखेच्या विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षापासूनच छळतो. ध्येय मोठे असावे असे सारेच सांगतात. ते गाठायचे कसे, हे मात्र क्वचितच कुणी सांगते. म्हणून आपल्याच गावच्या एका माणसाच्या चरित्राकडे मी वळलो.

शेठ वालचंद हिराचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. घर व्यापारी जैन कुटुंबाचे, व्यवसाय सावकारी आणि कापसाचा. शिक्षण पदवीपर्यंत पोहोचले नाही. वडिलार्जित पेढीवर बसून त्यांचे आयुष्य सुखात गेले असते. पण त्यात त्यांचे मन रमेना.

आरंभ कुठून केला, हे पाहण्यासारखे आहे. रेल्वेत कारकुनी केलेल्या लक्ष्मणराव फाटकांशी त्यांनी भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या येडशी-तडवळे भागाचे काम घेतले. फाटकांना कामाची माहिती होती, वालचंदांपाशी भांडवल उभे करण्याची ताकद होती. जेवढे झेपेल तेवढेच काम. पण ते पुरे करायचे! त्या अनुभवाच्या बळावर पुढे बोरघाटातील बोगद्यांसारखी अवघड कामे त्यांच्या हाती आली.

१९१९ साली नरोत्तम मोरारजी आदी सहकाऱ्यांसह त्यांनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून लंडनला निघाले. आज तोच दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. परंतु ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडून नवख्या कंपनीची कोंडी केली. अखेर १९२३ मध्ये सिंदियाला दहा वर्षांचा करार पत्करावा लागला. त्यानुसार जहाजांच्या टनावर मर्यादा आली आणि व्यापार किनाऱ्यापुरता उरला. स्वदेशीच्या अभिमान्यांना हा करार बोचला. पण कंपनी जगली, हे विसरता येत नाही. पल्ला तोच ठेवून पाऊल आखूड करणे, याला मी माघार म्हणणार नाही.

सारेच बेत मनासारखे पार पडले असेही नाही. म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने डिसेंबर १९४० मध्ये त्यांनी बंगळुरास विमानांचा कारखाना उभारला. युद्धकाळात, १९४२ मध्ये, तो सरकारने ताब्यात घेतला. विशाखापट्टणमच्या जहाजबांधणी कारखान्याची कोनशिला १९४१ मध्ये बसली. तिथे बांधलेले ‘जलउषा’ हे जहाज पाण्यात उतरायला १४ मार्च १९४८ उजाडावा लागला. मोटारींचा कारखाना काढण्यासाठीही त्यांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. तेव्हा कुठे १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली.

८ एप्रिल १९५३ रोजी सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. बंगळुरूचा कारखाना त्यांच्या हातून गेला खरा; पण त्यातूनच आजची हिंदुस्थान एरोनॉटिक्स उभी राहिली.

वालचंद हे नाव सोलापुरात आणि सांगलीत महाविद्यालयांच्या पाट्यांवर आहे. आपण ते रोज वाचतो आणि पुढे जातो. त्या नावामागे विमाने आणि जहाजे आहेत, हे आपल्याला ठाऊक असते. येडशी-तडवळ्याचा रूळ मात्र आठवत नाही. मित्रहो, विमानाचे स्वप्न जरूर पाहावे. पण आपला येडशी-तडवळ्याचा रूळ कोणता, तो किती दिवसांत पुरा होईल आणि सोबतीला फाटक कोण, हे आधी स्वतःला विचारावे. आम्हा नोकरीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्यांना या चरित्रातून इतके घेता आले, तरी पुष्कळ झाले.