न्यायमूर्ती छागला आणि एका मताचा निकाल

बोरिवलीला गाडी पकडून वापीला उतरलं की सिल्वासा जवळच. पण या भागाचा दावा एकेकाळी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात चालला होता आणि निवाडा करायला एक मुंबईकर बसला होता, हे किती जणांना ठाऊक आहे?

मोहम्मद करीम छागला १९०० साली मुंबईत जन्मले, ऑक्सफर्डला शिकले. १९४७ साली ते मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश झाले.

१९५४ साली स्वयंसेवकांनी दादरा-नगरहवेली पोर्तुगीजांकडून सोडवली. दमणहून तिकडे जायला वाट हवी, फौजेलासुद्धा, म्हणून पोर्तुगालने १९५५ साली दावा लावला. न्यायालयात तेव्हा भारतीय न्यायाधीश नव्हता. अशा वेळी त्या देशाला खटल्यापुरता एक न्यायाधीश नेमता येतो. भारताने छागलांना नेमलं, पोर्तुगालनेही आपला नेमला.

तिथली रीत अशी, की वकिलांचं बोलणं संपलं की न्यायाधीश बंद दाराआड बसतात आणि शेवटी मतं मोजतात. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. साध्या माणसांना आणि मालाला वाटेचा हक्क होता, फौजेला आणि हत्यारांना नव्हता. फौजेच्या मुद्द्यावर मतं पडली ८ विरुद्ध ७! वाटेचा कसलाच हक्क नव्हता, असं छागलांचं मत. ते त्यांनी वेगळं लिहून दिलं आणि निकालासोबत छापलंही गेलं.

१९८१ साली ते गेले. आपल्या जनरल बॉडीतही कधी एका मताने ठराव होतो. तेव्हा रुसून निघून जाऊ नये. आपलं मत मिनिट्समध्ये लिहून द्यावं आणि ठराव पाळावा.