टिचकी मारल्याशिवाय वायरलेस चालत नव्हतं, तेव्हा...

मागच्या सेमिस्टरची गोष्ट. सकाळी अकराला ऑनलाइन व्हायवा. दहा पंचावन्नला लॅपटॉप उघडला, इअरबड्स कानात घातले आणि कानात नुसती शांतता. स्क्रीनवर बड्सचं नाव दिसतंय, त्याखाली ‘पेअर्ड’ असंही लिहिलंय, पण ‘कनेक्टेड’ काही होईना. ब्लूटूथ बंद करून चालू केलं. लॅपटॉप रिस्टार्ट केला. शेवटी वैतागून बड्सच्या डबीवर दोन टिचक्या मारल्या, आजी जुन्या रेडिओवर मारायची तशा. ढिम्म! व्हायवा लॅपटॉपच्या स्पीकरवरच झाला, मागे कुकरच्या शिट्ट्यांसकट. दोष कुठे होता ते नंतर कळलं. बॅगेतल्या फोननं ते बड्स आधीच पकडून ठेवले होते.

टिचकी मारल्याचं नंतर माझं मलाच हसू आलं. पण या पानासाठी वायरलेसचा इतिहास वाचायला घेतला आणि हसू थांबलं. सव्वाशे वर्षांपूर्वी वायरलेस खरोखरच टिचकी मारून चालायचं! त्या टिचकीची गरज संपवण्यासाठी झटणाऱ्यांपैकी एक माणूस आपल्याला शाळेपासून माहीत आहे, फक्त वेगळ्याच कारणासाठी. वनस्पतींना संवेदना असतात हे दाखवणारे म्हणून ज्यांच्यावर आपण पाच मार्कांची टीप लिहिली, ते सर जगदीशचंद्र बोस.

रेडिओ लहरींवर काम करणारा भौतिकशास्त्राचा प्राध्यापक लाजाळूच्या झाडाकडे वळला कसा, हा प्रश्न शाळेत कुणाला पडत नाही. त्याचं उत्तर एका कनेक्शन प्रॉब्लेममध्ये दडलंय.

बाकावरचे शेजारी

जगदीशचंद्रांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ चा, पूर्व बंगालमधला, म्हणजे आजच्या बांगलादेशातला. वडील भगवानचंद्र सरकारी अधिकारी होते. त्या काळी अशा घरातली मुलं थेट इंग्रजी शाळेत जायची. भगवानचंद्रांनी मात्र मुलाला आधी बंगाली शाळेत घातलं. तिथे त्याच्या एका बाजूला वडिलांच्या मुसलमान चपराशाचा मुलगा बसायचा आणि दुसऱ्या बाजूला कोळ्याचा. पक्षी, प्राणी, पाण्यातले जीव यांच्या गोष्टी या दोघांकडून ऐकल्या आणि निसर्गाबद्दलची ओढ तिथेच लागली, असं ते पुढे सांगत.

मग कोलकात्याचं सेंट झेवियर्स. तिथे फादर लाफाँ प्रयोग करून दाखवत शिकवायचे. त्यांच्यामुळे भौतिकशास्त्राची गोडी लागली. १८८० मध्ये जगदीशचंद्र इंग्लंडला गेले ते मात्र डॉक्टर व्हायला. पण अंगातला ताप काही केल्या जाईना आणि शवविच्छेदनाच्या खोलीतल्या वासानं तो आणखी बळावला. मेडिकल सोडावं लागलं. आजच्या भाषेत ‘ड्रॉप’! पुढे केंब्रिजच्या ख्राइस्ट्स कॉलेजात विज्ञान घेतलं. तिथे लॉर्ड रॅले यांच्यासारखे शिक्षक भेटले.

तीन वर्षं पगार नाही

१८८५ मध्ये ते परतले आणि कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवू लागले. तेव्हाचा नियम असा, की भारतीय प्राध्यापकाला युरोपीय प्राध्यापकाच्या दोन तृतीयांश पगार. त्यात जगदीशचंद्रांची नेमणूक हंगामी, म्हणून त्याच्याही निम्मा. म्हणजे काम तेच, तास तेवढेच आणि हातात एक तृतीयांश.

त्यांनी नोकरी सोडली नाही, शिकवणंही थांबवलं नाही. फक्त पगार घेणं बंद केलं. एक-दोन महिने नाही, तब्बल तीन वर्षं. तेही वडील कर्जात बुडालेले असताना. याच काळात, १८८७ मध्ये, मद्रासला वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या अबला दास यांच्याशी त्यांचं लग्न झालं. नव्या संसारात पगाराचा पत्ता नाही. शेवटी कॉलेजला मान तुकवावी लागली. पूर्ण पगार मिळाला आणि मागची थकबाकीही. त्या पैशातून वडिलांचं कर्ज फेडायला मदत झाली.

संशोधनासाठी मात्र कॉलेजकडे जागा नव्हती. मिळाली ती सुमारे २४ चौरस फुटांची खोली, म्हणजे आपल्याकडच्या हॉस्टेलच्या बाथरूमएवढी. उपकरणं बनवून द्यायला एक पत्र्याचं काम करणारा कारागीर. तास संपले की प्रयोग, आणि खर्च बराचसा स्वतःच्या खिशातून.

टाइमटेबलचा प्रयोग

हाइनरिश हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं १८८० च्या दशकाच्या शेवटी रेडिओ लहरी प्रयोगानं सिद्ध केल्या होत्या. पण त्याच्या लहरी लांब आणि त्यांच्यासाठीची उपकरणंही अवाढव्य. जगदीशचंद्रांनी १८९४ च्या सुमारास उलट वाट धरली. त्यांनी अवघ्या ५ मिलिमीटरच्या आसपासच्या लहरी तयार केल्या. तुलनेसाठी सांगायचं तर आपल्या ब्लूटूथची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटरची असते. लहर छोटी झाल्यामुळे सगळं सामान टेबलावर मावलं. मोठी उपकरणं परवडत नसलेल्या माणसासाठी हे सोयीचंच होतं!

त्यांचं सामानही बघण्यासारखं आहे. लहरींना दिशा द्यायला पोकळ नळ्या आणि भोंगे, ज्यांना आज वेव्हगाइड आणि हॉर्न अँटेना म्हणतात. ध्रुवीकरण तपासायला पीळ दिलेला ताग. आणि एकदा तर चक्क रेल्वेचं टाइमटेबल, पानांमध्ये पातळ धातूचे पत्रे घालून.

पुढे कोलकात्याच्या टाऊन हॉलमध्ये त्यांनी लोकांसमोर प्रयोग केला. बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर हजर होते. एका बाजूला लहर सोडली. मध्ये भिंती, तार कुठेच नाही. आणि पलीकडच्या खोलीत घंटा वाजली, दारूचा स्फोट झाला. जानेवारी १८९७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी आपल्या लहरींवर व्याख्यान दिलं. मार्कोनी तेव्हा त्याच शहरात आपल्या वायरलेस तारायंत्रासाठी धडपडत होता.

आता त्या टिचकीबद्दल

लहर सोडणं तुलनेनं सोपं, ती पकडणं अवघड. त्यासाठी तेव्हा ‘कोहिरर’ नावाची वस्तू वापरायचे. काचेची नळी आणि त्यात धातूचा कीस. एरवी या किसातून वीज नीट जात नाही. लहर आली की कण एकमेकांना चिकटतात, वीज वाहू लागते आणि कळतं की सिग्नल आला.

गंमत पुढे आहे. लहर निघून गेली तरी कण चिकटलेलेच राहायचे. म्हणजे पहिला सिग्नल धरून बसलेली नळी दुसरा ऐकूच शकायची नाही. मग काय करायचं? टिचकी मारायची! हातानं किंवा छोट्या हातोडीनं. कण सुटे झाले की नळी पुन्हा तयार. प्रत्येक सिग्नलनंतर एक टिचकी. हा वायरलेसचा पहिला ‘रिसेट’.

माझ्या बड्सचं काय झालं होतं? तेच. ते फोनला धरून बसले होते, म्हणून लॅपटॉपचं ऐकत नव्हते.

जगदीशचंद्रांना हा कारभार पटला नाही. त्यांनी किसाऐवजी बारीक स्प्रिंगांची रांग वापरली, तिच्यावरचा दाब कमी-जास्त करता येईल अशी सोय केली. वेगवेगळे धातू तपासले. १८९९ मध्ये त्यांनी रॉयल सोसायटीपुढे लोखंड आणि पारा वापरून केलेला असा डिटेक्टर मांडला, जो सिग्नल घेऊन आपोआप पूर्ववत व्हायचा. सोबत टेलिफोनचा रिसीव्हर. टिचकीची गरज संपली.

डिसेंबर १९०१ मध्ये मार्कोनीनं अटलांटिकपलीकडून आलेला सिग्नल ऐकला तो पाऱ्याच्याच डिटेक्टरवर. त्याचं मूळ बोस यांच्या रचनेत आहे, असं पुढे काही अभ्यासकांनी कागदपत्रांवरून मांडलं. १९०९ चं नोबेल मार्कोनी आणि ब्राउन यांना मिळालं. बोस यांचं नाव त्यात नव्हतं.

त्यांनी स्वतःही दावा सांगायची घाई केली नाही. विज्ञानातून पैसा करणं त्यांना रुचत नव्हतं. पेटंट घेऊन नफ्यात वाटा देण्याचा एका वायरलेस कारखानदाराचा प्रस्ताव त्यांनी लंडनमध्ये नाकारला. शेवटी सारा बुल या अमेरिकन मैत्रिणीच्या पुढाकारानं एक अमेरिकन पेटंट झालं, १९०१ मध्ये अर्ज आणि १९०४ मध्ये मंजुरी. गॅलेना या खनिजाच्या स्फटिकावर चालणाऱ्या डिटेक्टरचं. सेमीकंडक्टरच्या अगदी सुरुवातीच्या पेटंटांपैकी हे एक. त्यातूनही त्यांनी पैसा केला नाही.

डिटेक्टर दमतो?

आता सगळ्यात महत्त्वाचं वळण. प्रयोग करताना जगदीशचंद्रांच्या लक्षात आलं, की डिटेक्टर बराच वेळ वापरला तर त्याचा प्रतिसाद कमी होत जातो. थोडा वेळ बाजूला ठेवला की पुन्हा ठीक. तुमच्या-माझ्यासारख्यानं म्हटलं असतं, बिघडलाय, बदलून टाका. त्यांनी मात्र त्या बिघाडाचे आलेख काढले. आणि ते आलेख त्यांना थकलेल्या स्नायूच्या आलेखांसारखे दिसले.

धातूचं हे असं, तर मग झाडाचं कसं असेल? प्रश्न पडला आणि गाडीनं रूळ बदलले. त्यांनी पानं, देठ, भाज्या यांना इजा करून, रसायनं देऊन त्यांचे विद्युत प्रतिसाद मोजायला सुरुवात केली.

किंमत मोठी होती. १९०१ मध्ये लंडनच्या शरीरशास्त्रज्ञांनी कडाडून विरोध केला. भौतिकशास्त्रज्ञानं आपल्या प्रांतात लुडबुड करू नये, असा एकूण सूर. रॉयल सोसायटीनं त्यांचा निबंध तेव्हा छापला नाही. लहरींच्या क्षेत्रात नाव झालेलं असताना त्यांनी परक्या विषयात शून्यापासून सुरुवात केली होती. मग त्यांनी पुस्तकं लिहिली. त्या कामात भगिनी निवेदितांची मोठी मदत झाली. झाडाची क्षणाक्षणाची वाढ मोठी करून दाखवणारं क्रेस्कोग्राफ हे यंत्र बनवलं. हळूहळू वारं फिरलं. १९१७ मध्ये ‘सर’ हा किताब मिळाला, आणि १९२० मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. हो, त्याच सोसायटीचे.

त्यांचं सगळंच म्हणणं टिकलं असं नाही. धातू आणि सजीव यांच्यात त्यांना दिसलेलं साम्य आज विज्ञान तसं मानत नाही. पण वनस्पतींमध्ये विद्युत संदेश धावतात, हे आता पक्कं आहे.

३० नोव्हेंबर १९१७ ला, आपल्या एकोणसाठाव्या वाढदिवशी, त्यांनी कोलकात्यात बोस इन्स्टिट्यूट उघडली. २४ चौरस फुटांत सुरुवात केलेल्या माणसानं पुढच्यांसाठी जागा करून ठेवली. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह इथे त्यांचं निधन झालं. २०१२ मध्ये विद्युत अभियंत्यांच्या ‘आयईईई’ या जागतिक संघटनेनं त्यांच्या मिलिमीटर लहरींच्या प्रयोगांना ‘माइलस्टोन’चा दर्जा दिला.

आणि तुमचे बड्स?

हे वाचल्यावर मी माझ्या बड्सकडे ‘बिघडलेत’ ऐवजी ‘का बिघडलेत’ असं बघायला शिकतोय. आतापर्यंत सापडलेली उत्तरं अशी:

- ‘पेअर्ड’ म्हणजे ओळख झाली, ‘कनेक्टेड’ म्हणजे बोलणं सुरू झालं. दोन्ही वेगळं. आधी फोनचं ब्लूटूथ बंद करा, मग लॅपटॉपवरून जोडा.
- तरीही जमत नसेल तर लॅपटॉपच्या यादीतून बड्स काढून टाका. मग डबीवरचं बटण लाइट लुकलुकेपर्यंत दाबून पुन्हा पेअर करा. बटण नसेल तर माहितीपत्रक बघा.
- कनेक्ट झाले पण आवाज स्पीकरमधूनच येतोय? साउंड सेटिंगमध्ये आउटपुट म्हणून बड्स निवडा.
- आवाज तुटतोय? ब्लूटूथ, बरेचसे वायफाय आणि मायक्रोवेव्ह ओव्हन एकाच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात असतात. वायफाय ५ गिगाहर्ट्झवर टाकून बघा. यूएसबी ३.० चा पेनड्राइव्ह किंवा हब जवळ असेल तर लांब करा, त्याचाही गोंगाट याच पट्ट्यात येतो.
- मीटिंगमध्ये गाणी एकदम डब्यातून आल्यासारखी वाटतात? माइक चालू झाला की बड्स कॉलच्या मोडमध्ये जातात आणि आवाजाचा दर्जा उतरतो. इनपुटला लॅपटॉपचा माइक निवडा.

आणि हो, टिचकी मारू नका. ती गरज १८९९ मध्येच संपली आहे.