दुसरं शहर कुठे वसवायचं? षटकोनांचा हिशेब मांडणारे वाल्टर क्रिस्टालर

सिव्हिलायझेशन फाइव्ह खेळताना हातात सेटलर आला की पहिला प्रश्न पडतो: आता शहर वसवायचं कुठे? राजधानीला खेटून वसवलं तर दोन्ही शहरं एकाच जमिनीवर हक्क सांगतात. फार लांब वसवलं तर रस्त्यांचा खर्च वाढतो आणि मधली जागा दुसराच खेळाडू बळकावतो. या गेममध्ये एक शहर आपल्याभोवती तीन घरांपर्यंत, म्हणजे एकूण ३६ षटकोनी घरं वापरू शकतं. हॉस्टेलवर असताना मी यासाठी वहीत षटकोन काढून बघायचो. पण हाच प्रश्न एका जर्मन भूगोलतज्ज्ञाने १९३३ सालीच खऱ्या नकाशावर मांडला होता, हे तेव्हा माहीत नव्हतं. त्यांचं नाव वाल्टर क्रिस्टालर.

नकाशावर खेळणारा मुलगा

क्रिस्टालर यांचा जन्म २१ एप्रिल १८९३ रोजी जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्ट भागात, बर्नेक इथे झाला. वडील पाद्री, आई हेलेन कादंबरीकार. लहानपणी त्यांना एक ॲटलास भेट मिळाला आणि ते त्यातच रमले. नकाशावर नव्या सीमा आखायच्या, रेल्वेमार्ग टाकायचे, मनानेच देश रचायचे, हा त्यांचा खेळ. पहिल्या महायुद्धात शिक्षण मधेच थांबलं. ते सैन्यात गेले, जखमीही झाले. पुढे बरीच वर्षं इकडे तिकडे कामं केल्यावर, चाळिशीला टेकताना त्यांनी एर्लांगेन विद्यापीठात रॉबर्ट ग्राडमान यांच्याकडे पीएचडी केली. विषय होता दक्षिण जर्मनीतली मध्यवर्ती ठिकाणं. १९३३ मध्ये तो प्रबंध पुस्तक म्हणून छापला गेला.

षटकोनच का?

त्यांनी नकाशावर सारख्या आकाराची गावं सरळ रेषांनी जोडून बघितली. रेषांमधून त्रिकोण तयार झाले आणि त्रिकोणांमधून षटकोन दिसू लागले. कारण सोपं आहे. समजा सगळीकडे सपाट जमीन आहे आणि लोकवस्ती सारखी पसरलेली आहे. प्रत्येक दुकानाला टिकायला किमान काही गिऱ्हाईक लागतं, आणि गिऱ्हाईकही एका मर्यादेपलीकडे चालत येत नाही. म्हणजे प्रत्येक बाजारगावाभोवती एक वर्तुळ तयार होतं. पण वर्तुळं शेजारी शेजारी ठेवली तर मधे फटी राहतात. षटकोनात फट राहत नाही.

सर्वांत लहान बाजारगावांमधलं अंतर त्यांनी साधारण ७ किलोमीटर धरलं. प्रत्येकाने जास्तीत जास्त तासभर चालून बाजार गाठावा, असा तो हिशेब. त्यावरच्या पायरीची गावं १२ किलोमीटरवर, मग २१, मग ३६. दर पायरीला अंतर तीनच्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे १.७३ पटीने वाढतं. मीठ जवळच मिळतं, पण सर्जनसाठी मोठ्या शहरात जावं लागतं, ते याच उतरंडीमुळे.

त्यांनी आणखी एक गोष्ट हेरली. बाजारासाठी केलेली मांडणी कारभाराला चालत नाही. एखाद्या गावाचं गिऱ्हाईक तीन बाजारांत वाटलं जाऊ शकतं, पण त्या गावाचा कारभार तीन कचेऱ्यांत वाटता येत नाही. आपल्याकडेही माणूस हव्या त्या आठवडी बाजाराला जातो, सातबारा मात्र आपल्याच तालुक्यातून घेतो. म्हणून कारभारासाठी त्यांनी वेगळी, मोठ्या षटकोनांची मांडणी दिली.

एखादं गाव किती मध्यवर्ती आहे हे मोजायला त्यांनी लोकसंख्या नाही, टेलिफोन मोजले. समजा एखाद्या प्रदेशात ४० माणसांमागे एक फोन आहे. मग हजार वस्तीच्या गावात २५ फोन असायला हवेत. प्रत्यक्षात ६० असतील, तर वरचे ३५ आजूबाजूच्या लोकांसाठी आहेत असं धरायचं. आजच्या भाषेत बोलायचं तर हे डेटा सायन्सच.

नकाशा रिकामा नव्हता

इथपर्यंतची गोष्ट कुठल्याही हुशार माणसाची वाटते. पण १९३९ मध्ये जर्मनीने पोलंड व्यापला. एकेकाळी सोशल डेमोक्रॅट पक्षात असलेले क्रिस्टालर १९४० मध्ये नाझी पक्षाचे सदस्य झाले. हिमलरच्या अखत्यारीत कोनराड मायर यांचं नियोजन खातं होतं, त्यात ते काम करू लागले. काम काय, तर जिंकलेल्या पूर्वेकडच्या प्रदेशात जर्मन वसाहतींसाठी बाजारगावं आणि शहरं कुठे असावीत ते ठरवणं. लहानपणीचा खेळ आता खरा झाला होता.

फरक एवढाच की त्या जमिनीवर माणसं राहत होती. योजनेत पोलिश आणि ज्यू लोकांना तिथे जागाच नव्हती. जर्मनीला जोडलेल्या पोलिश भागांतून लाखो लोकांना घरांतून हुसकावलं गेलं, ज्यूंचा तर संहार झाला. क्रिस्टालर यांनी बंदूक हातात घेतली नाही. पण इतरांनी रिकाम्या केलेल्या जमिनीवर पुढे काय बांधायचं, हे आखणाऱ्यांत ते होते.

त्याच काळात आउगुस्ट ल्योश हा दुसरा जर्मन अभ्यासक षटकोनांवरच काम करत होता. १९४० मध्ये त्याचं पुस्तक आलं. तो नाझींपासून दूर राहिला आणि युद्ध संपताच, मे १९४५ मध्ये, वारला. गणित जवळपास तेच होतं, पण दोघांचे मार्ग वेगळे झाले.

युद्धानंतर क्रिस्टालर कम्युनिस्ट पक्षात गेले. प्राध्यापकपद त्यांना कधीच मिळालं नाही. पण १९५० आणि ६० च्या दशकांत स्वीडन, अमेरिकेतल्या भूगोलतज्ज्ञांनी त्यांचा सिद्धांत उचलून धरला. १९६६ मध्ये पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर आलं, १९६८ मध्ये स्वीडनच्या लुंड विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली. ९ मार्च १९६९ रोजी त्यांचं निधन झालं. युद्धकाळातल्या त्यांच्या कामावर अभ्यासकांनी नीट लिहायला सुरुवात केली, ती त्यानंतर बऱ्याच वर्षांनी.

गेमशी नातं काय?

गेममधले षटकोन थेट क्रिस्टालर यांच्याकडून आलेले नाहीत, ते बोर्डवरच्या युद्धखेळांतून आले. पण शहरं वसवताना त्यांचा हिशेब कामी येतो. दोन शहरांच्या हद्दी कमीत कमी एकमेकांवर याव्यात, फट राहू नये, आणि नदी-डोंगर आले की आखीव मांडणी सोडून द्यावी.

आपण कोड लिहिताना सुरुवातीला काही गोष्टी गृहीत धरतो आणि मग त्या विसरून जातो. सपाट जमीन, सारखी वस्ती हे क्रिस्टालर यांच्या मॉडेलचं गृहीतक होतं. पुस्तकात ते चालून गेलं. पोलंडमध्ये मात्र जमीन गृहीतकासारखी नव्हती, म्हणून सत्तेने जमिनीलाच तसं करायला घेतलं. नकाशावर घर रिकामं दिसलं की ते खरंच रिकामं आहे का, हे गेम विचारत नाही. ते आपल्यालाच विचारावं लागतं.