विंचेस्टरने रॉयल्टी नाकारली आणि शिकाऱ्यांची लाडकी रायफल स्पर्धकाच्या दुकानात गेली

१९०७ सालचा अमेरिकेतला एक शिकारी डोळ्यांसमोर आणा. हरणांच्या शिकारीचा हंगाम तोंडावर आलाय. घरात जुनी लिव्हरवाली विंचेस्टर आहे. एक गोळी झाडली की लिव्हर खाली-वर करायची, मग दुसरी. आता त्याला सेमी-ऑटोमॅटिक घ्यायचीय. म्हणजे चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटणार, पण पुढची आपोआप नळीत येऊन बसणार.

दुकानात दोन मोठे पर्याय होते. एक विंचेस्टरचं मॉडेल १९०७ आणि दुसरी रेमिंग्टनची ऑटोलोडिंग रायफल.

गंमत म्हणजे घरातली जुनी विंचेस्टर आणि दुकानातली नवी रेमिंग्टन या दोन्ही एकाच माणसाच्या डोक्यातून आल्या होत्या. जॉन मोझेस ब्राउनिंग त्याचं नाव. मग नवी विंचेस्टर त्याची का नव्हती?

त्याचं उत्तर त्याच्या आयुष्यात आहे.

जॉनचा जन्म २३ जानेवारी १८५५ चा, युटामधल्या ऑग्डेन गावचा. वडील जोनाथन बंदुका बनवायचे, दुरुस्त करायचे. दुकानात पडलेल्या भंगारातून पोरानं लहानपणीच बंदूक जुळवली होती. १८७९ मध्ये वडील गेले आणि त्याच वर्षी जॉनला पहिलं पेटंट मिळालं, एकावेळी एकच गोळी भरता येणाऱ्या रायफलचं. भाऊ मदतीला घेतले आणि ऑग्डेनमध्येच छोटा कारखाना सुरू झाला.

ही रायफल विंचेस्टर कंपनीच्या नजरेस पडली. १८८३ मध्ये कंपनीचे टी. जी. बेनेट थेट ऑग्डेनला येऊन पोहोचले. ८ हजार डॉलरला सौदा झाला.

तिथून १९ वर्षांची जोडी जमली. पद्धत ठरलेली होती. जॉन नमुना घेऊन जायचा, कंपनी एकरकमी पैसे द्यायची, विषय संपला. १८८६ आणि १८९४ च्या प्रसिद्ध लिव्हर रायफली अशाच आल्या. त्यातल्या मॉडेल १८९४ च्या पुढे ७० लाखांहून जास्त रायफली बनल्या.

कंपनीने त्याच्याकडून एकूण ४४ डिझाइन्स घेतली. त्यातली बाजारात आणली फक्त १०. बाकीची कपाटात गेली. निदान ती दुसऱ्या कुणाच्या हाती लागायची नाहीत, एवढा फायदा होताच.

इकडे जॉनच्या डोक्यात वेगळंच चक्र सुरू होतं. १८८९ च्या सुमारास नेमबाजी चालू असताना त्याचं लक्ष गेलं की गोळी सुटली की नळीसमोरचं गवत वाकतंय. म्हणजे नळीतून बाहेर पडणाऱ्या वायूची ताकद फुकट जात होती. तीच ताकद वापरून बंदूक स्वतःच पुढची गोळी का भरणार नाही? त्याने एक जुनी लिव्हर रायफल घेतली, त्यात बदल केले आणि ती आपोआप चालवून दाखवली.

पुढे त्याने आपोआप गोळी भरणारी शॉटगन बनवली. आपलं सगळ्यात चांगलं काम हेच, असं त्याला वाटत होतं. म्हणून यावेळी एकरकमी नाही, विकल्या जाणाऱ्या प्रत्येक बंदुकीमागे रॉयल्टी हवी, असं त्याने विंचेस्टरला सांगितलं. बेनेट तयार झाले नाहीत. १९०२ मध्ये जॉनने नमुना उचलला आणि तो बाहेर पडला.

तो गेला रेमिंग्टनकडे. कंपनीचे प्रमुख मार्सेलस हार्टली यांची भेट ठरली होती. जॉन ऑफिसात वाट बघत बसला आणि हार्टली गेल्याची बातमी आली. हृदयविकाराचा झटका. तारीख होती ८ जानेवारी १९०२.

मग त्याने बेल्जियमची वाट धरली. तिथली एफएन कंपनी त्याची पिस्तुलं बनवतच होती. तिने रॉयल्टी मान्य केली आणि शॉटगन तिकडे बनू लागली. रेमिंग्टननेही नंतर त्याच्याशी जमवून घेतलं. १९०५ मध्ये त्याची शॉटगन आणि १९०६ मध्ये त्याची सेमी-ऑटोमॅटिक रायफल रेमिंग्टनच्या नावाने अमेरिकेच्या बाजारात आली. या रायफलला पुढे मॉडेल ८ म्हणू लागले.

विंचेस्टरला आता ब्राउनिंगशिवाय उत्तर शोधायचं होतं. त्यांचा डिझायनर टी. सी. जॉन्सन कामाला लागला. त्याने साधा मार्ग निवडला. गोळी सुटताना मागचा बोल्ट कुलूपबंद नसतोच, फक्त वजन आणि स्प्रिंग त्याला थोपवून धरतात. यंत्रणा सोपी, पण काडतूस जितकं ताकदवान तितकं हलणारं वजन वाढवावं लागतं. त्यामुळे काडतुसाच्या ताकदीला मर्यादा येते.

ब्राउनिंगच्या रायफलमध्ये नळी आणि बोल्ट एकमेकांत अडकलेल्या अवस्थेत एकत्र मागे सरकतात. मग बोल्ट मागेच थांबतो, नळी पुढे जाते, रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि शेवटी बोल्ट नवी गोळी घेऊन पुढे येतो. कुलूप पक्कं असल्यामुळे जास्त जोरकस काडतुसं चालतात.

म्हणजे आपल्या शिकाऱ्यापुढचा हिशोब असा होता. जंगलात हरणासाठी जोर हवा असेल, तर रेमिंग्टन. पण तिचं मॅगझिन पाच गोळ्यांचं आणि पक्कं बसवलेलं, भाग जास्त, आणि प्रत्येक गोळीला अख्खी नळी मागेपुढे होणार. सोपी यंत्रणा आणि पटकन बदलता येणारं मॅगझिन हवं असेल, तर विंचेस्टर. ती पोलीस आणि तुरुंगाच्या पहारेकऱ्यांमध्ये चांगलीच चालली. आणि ज्याला हलकी, स्वस्त आणि भरवशाची हवी, त्याच्यासाठी जुनी १८९४ होतीच. तीसुद्धा ब्राउनिंगचीच!

टेक्सासचे नावाजलेले रेंजर फ्रँक हॅमर यांची पसंती मॉडेल ८ ला होती. १९३४ मध्ये बॉनी आणि क्लाइड या कुप्रसिद्ध जोडीला लुईझियानात दबा धरून गाठलं गेलं, तेव्हा हॅमर यांच्या तुकडीकडे या रायफली होत्या. शिकारीचं हत्यार माणसांवर चालायला वेळ लागत नाही, हेही या गोष्टीतलं सत्य आहे.

रॉयल्टीसाठी अडून बसलेला जॉन पैशाचा लोभी होता का? पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारने त्याच्या मशीनगन, बीएआर रायफल आणि पिस्तुलाच्या हक्कांसाठी साडेसात लाख डॉलर देऊ केले. नेहमीच्या रॉयल्टीने कितीतरी जास्त मिळाले असते. तरी त्याने ते मान्य केले.

२६ नोव्हेंबर १९२६ ला बेल्जियममध्ये, एफएनच्या कारखान्यात काम सुरू असतानाच त्याचं हृदय थांबलं. वय ७१, नावावर १२८ पेटंट. त्याने अर्धवट सोडलेलं पिस्तूल एफएनने १९३५ मध्ये बाजारात आणलं. पुढे ते भारतात, इशापूरच्या कारखान्यातही बनलं.

आणि विंचेस्टर? स्पर्धकांच्या हाती लागू नयेत म्हणून ज्या कंपनीने डझनावारी डिझाइन्स कपाटात ठेवली, तिने नेमका ती बनवणारा माणूसच हातचा घालवला.