आबे फारिया: निद्रेचे मूळ मनात शोधणारा कांदोळीचा धर्मगुरू

जुझे कुस्तोदिओ द फारिया यांचा जन्म मे १७५६ मध्ये बार्देशातील कांदोळी या आईच्या गावी झाला. वडील कायतान व्हितोरिन हे कोलवाळचे. मुलगा लहान असतानाच पतीपत्नींनी चर्चच्या संमतीने संसार सोडला. वडिलांनी धर्मगुरूची दीक्षा घेतली, तर आई रोझा मारिया जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात संन्यासिनी झाल्या. १७७१ साली पंधरा वर्षांच्या मुलाला घेऊन वडील जलमार्गाने लिस्बनला पोहोचले. तेथून मुलाची पाठवणी रोमला झाली. १७८० मध्ये तो धर्मगुरू आणि धर्मशास्त्राचा पंडित होऊन बाहेर पडला. जन्मभूमीचे दर्शन त्याला पुन्हा घडले नाही.

लिस्बनमधील एक प्रसंग गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो. पोर्तुगालची राणी आणि तिचा दरबार यांच्यासमोर प्रवचन देण्यासाठी तरुण फारिया उभे राहिले आणि समोरचे वैभव पाहून त्यांची वाचाच बसली. तेव्हा वडिलांनी हळूच कोकणीत बजावले की पुढे बसलेली ही सगळी निव्वळ भाजी आहे, ती खुशाल कातरावी. त्यासरशी भीती ओसरली आणि प्रवचन ओघाने सुरू झाले. कथेला दंतकथेचा रंग असेल; पण तीत सांगितलेला अनुभव कोणालाही ओळखीचा वाटावा. घशाला ना इजा ना रोग, तरी आवाज फुटेना. आणि औषध काय, तर चार शब्द! या कोड्याचा माग फारिया पुढे आयुष्यभर काढत राहिले.

१७८७ साली गोव्यात पिंटोंचा कट उघडकीस आला. कटवाल्यांशी फारिया पितापुत्रांचे संबंध असल्याचा संशय होता. दुसऱ्याच वर्षी जुझे कुस्तोदिओ पॅरिसला गेले. लवकरच फ्रान्समध्ये राज्यक्रांती पेटली. १७९५ मध्ये सत्ताधारी कन्व्हेन्शनविरुद्ध झालेल्या उठावात या गोमंतकीय पाद्रीने एका तुकडीचे नेतृत्व केले, अशी नोंद मिळते.

त्यांना ज्या वादात नाव मिळाले तो पॅरिसमध्ये आधीच रंगलेला होता. व्हिएन्नाहून आलेले वैद्य मेस्मर यांच्या मते सर्व प्राणिमात्रांत एक अदृश्य चुंबकीय द्रव वाहतो आणि वैद्याने तो रुग्णाच्या शरीरात सोडला की व्याधी जातात. १७८४ साली राजाने नेमलेल्या समितीत बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते. समितीने डोळे बांधलेल्या एका मुलाला झाडांपाशी नेले. त्यांपैकी एकच झाड चुंबकित केलेले होते. मुलगा मात्र भलत्याच झाडाखाली मूर्च्छित झाला. समितीने निकाल दिला की द्रव वगैरे काही नाही, हा कल्पनेचा खेळ आहे. निकाल अचूक होता, परंतु विद्वानांनी तेथेच विषय मिटवला. नुसती कल्पना धडधाकट मुलाला जमिनीवर पाडू शकते, तर तिच्यात एवढे बळ येते कोठून, हा खरा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही.

फारियांची सुरुवातही चुंबकवाद्यांच्याच मांडवात झाली. मेस्मरचे शिष्य मार्क्विस द प्युसेगुर यांच्याकडून त्यांनी ही विद्या घेतली. नामवंत लेखक शातोब्रियाँ यांनी लिहून ठेवले आहे की एका मेजवानीत फारियांनी चुंबकशक्तीने एक इवलासा पिंजऱ्यातील पक्षी मारून दाखवण्याची प्रतिज्ञा केली आणि पक्षीच वरचढ ठरला. बिचाऱ्याला प्रतिज्ञा समजलीच नव्हती, मग तो मरणार कसा?

१८११ मध्ये त्यांना मार्सेय येथे तत्त्वज्ञानाच्या अध्यापकाची जागा मिळाली. पुढे काही काळ नीम शहरात काढून ते पॅरिसला परतले आणि ऑगस्ट १८१३ पासून क्लिशी रस्त्यावरील एका सभागृहात दर गुरुवारी जाहीर प्रयोग करू लागले. पद्धत साधी होती. समोरच्या व्यक्तीला खुर्चीत स्वस्थ बसवायचे, डोळे मिटून झोपेचा विचार करायला सांगायचे आणि मग ठाम स्वरात झोपण्याची आज्ञा द्यायची. त्याने साधले नाही, तर आपल्या तळहाताकडे टक लावून पाहायला लावायचे. अनेकजण खरोखरच निद्रित होत. त्या अवस्थेत जे सुचवावे ते त्यांच्या शरीराला जाणवे: साध्या पाण्याला मद्याची चव येई, हातपाय जखडल्यासारखे होत. काही सूचना तर जाग आल्यानंतरही टिकत.

हे घडवणारी शक्ती आपल्यात नाही, हे फारिया श्रोत्यांना पुन्हा पुन्हा सांगत. ना द्रव, ना चुंबक, ना दैवी देणगी. झोपणाऱ्याची एकाग्रता, अपेक्षा आणि विश्वास हेच कारण. प्रयोग करणारा केवळ निमित्तमात्र. ज्याच्यापाशी अद्भुत शक्ती आहे असे समजून लोक पैसे मोजून येत, त्यानेच ती नाकारावी हे धाडस लहान नव्हते. त्यांचे सारेच बरोबर होते असे नाही. ज्यांचे रक्त पातळ त्यांना लवकर झोप लागते, हे त्यांचे मत पुढे टिकले नाही.

विरोध तिन्ही बाजूंनी झाला. चर्चमधील मंडळींना यात सैतानाचा हात दिसला, चुंबकवाद्यांना घरभेद आणि संशयवाद्यांना भोंदूगिरी. एका नटाने झोपेचे सोंग घेतले आणि ऐन प्रयोगात डोळे उघडून त्यांची फजिती केली, असे सांगतात. १८१६ मध्ये त्यांची टर उडवणारे प्रहसनच रंगभूमीवर आले. प्रेक्षक पांगले. उरलेले दिवस फारियांनी मुलींच्या एका निवासी शाळेत धर्मगुरू म्हणून काढले आणि तेथे आपला सिद्धांत लिहायला घेतला. ग्रंथाचा पहिला खंड १८१९ साली छापला गेला. त्याच वर्षी २० सप्टेंबरला पक्षाघाताने त्यांचे निधन झाले. माँमार्त्रमधील त्यांच्या थडग्याची आज खूणही नाही.

जगाने त्यांना आधी ओळखले ते चुकीच्या रूपात: अलेक्झांद्र द्युमा यांनी मॉन्टे क्रिस्टोच्या कादंबरीतील बंदिवान पाद्रीला त्यांचे नाव दिले, पण त्याला इटालियन केले. शास्त्राच्या वाटेवर मात्र त्यांचा विचार टिकून राहिला. नान्सी येथील लिएबो आणि बर्नहाइम या डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सूचनेवर आधारलेली उपचारपद्धती उभारली आणि बर्नहाइम यांनी फारियांचे ऋण मान्य केले. १९७८ साली अमेरिकेतील संशोधकांनी दाढ काढलेल्या रुग्णांवर एक प्रयोग केला. औषध म्हणून दिलेल्या निरुपद्रवी द्रावणानेही काहींच्या वेदना उतरल्या. पण शरीरातील अफूसदृश द्रव्यांना अडवणारे औषध देताच तो गुण ओसरला. विश्वासामुळे मेंदूत प्रत्यक्ष रसायने स्रवत असल्याचा हा सबळ पुरावा होता.

पणजीत आदिलशहाच्या राजवाड्यालगत १९४५ साली उभारलेला फारियांचा पुतळा हे मडकईचे शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांचे काम. शिल्प देखणे आहे यात शंका नाही. झगा फडफडतो आहे, हात पुढे पसरले आहेत आणि समोरची स्त्री मागे कोसळते आहे. त्या पसरलेल्या बोटांतून काही शक्ती वाहत असावी, असेच पाहणाऱ्याला वाटते. आणि नेमके तेच खोडून काढण्यात फारियांची उतारवयातील वर्षे खर्ची पडली होती.