तीन समुद्रांपलीकडचा प्रवासी

भिगवणजवळून वाहणाऱ्या भीमेच्या प्रवाहात जुन्नरच्या कुकडीचेही पाणी असते. कारण कुकडी घोडनदीस मिळते व घोडनदी भीमेस. नाणेघाट चढून आलेला कोकणचा माल प्राचीन काळापासून कुकडीच्या खोऱ्यातील जुन्नरच्या पेठेत येत असे. याच जुन्नरास इ. स. १४७० च्या सुमारास अफनासी निकितीन नावाचा एक रशियन व्यापारी येऊन पोहोचला.

निकितीन हा व्होल्गा नदीकाठच्या त्वेर नगराचा रहिवासी. नावेत माल भरून तो व्होल्गेतून दक्षिणेस निघाला. परंतु आस्त्राखानजवळ तातारांनी त्यास लुटले. रिकाम्या हातांनी परतण्यापेक्षा त्याने पुढे जाणे पत्करले. इराण ओलांडून तो होर्मुझ बंदरी आला. हिंदुस्थानात परदेशी घोड्यांस मोठी किंमत येत असे. म्हणून एक घोडा घेऊन तो गलबताने चौलास उतरला व तेथून पालीमार्गे जुन्नरास आला.

पावसाने वाटा चिखलमय झाल्या होत्या. त्यामुळे त्यास दोन महिने तेथेच राहावे लागले. जुन्नरचा बहामनी सुभेदार असदखान याने त्याचा घोडा काढून घेतला. धर्म बदलल्यास घोडा परत मिळेल व वर एक हजार मोहरा मिळतील. न बदलल्यास घोडा जाईल व तितकाच दंड भरावा लागेल, असे सांगून खानाने त्यास चार दिवसांची मुदत दिली. घोडा हेच त्याचे सारे भांडवल होते. तरीही त्याने धर्म सोडला नाही. इतक्यात मुहम्मद नावाचा एक खोरासानी गृहस्थ तेथे आला. निकितीनने त्याची विनवणी केली. तो स्वतः मुसलमान असूनही त्याने या परधर्मी परदेशीयासाठी खानाकडे रदबदली केली आणि घोडाही सोडवून आणला.

पुढे निकितीन बहामनी राजधानी बिदर येथे गेला. तेथे त्याने घोडा विकला. हिंदू लोकांशी त्याचा स्नेह जडला व त्यांच्यासमवेत त्याने श्रीशैलाची यात्राही पाहिली. लोकांचे अन्न, पूजा, बाजार यांची त्याने टिपणे लिहिली. दाभोळहून तो मायदेशी निघाला. परंतु वाटेतच, स्मोलेन्स्क नगरास पोहोचण्यापूर्वी, त्याचा अंत झाला. त्याची टिपणे मात्र व्यापाऱ्यांनी १४७५ च्या सुमारास मॉस्कोस पोहोचविली.

वास्को-द-गामा १४९८ मध्ये कालिकतास आला. त्याच्या सुमारे पाव शतक आधी, सैन्य वा तोफा न घेता आलेल्या या व्यापाऱ्याने आपल्या लोकांना दख्खनची ओळख करून दिली.